पिंपळाच्या पानाची जाळी आणि जखमेवरची पट्टी

आपल्या शाळेत राहून गेलेल्या बहुतेकांच्या जुन्या वह्यांत एखादे तरी पिंपळाचे जाळीदार पान सापडेल. आवारातील बोधिवृक्षाखाली पडलेली पाने आम्ही पत्र्याच्या डब्यात पाणी घालून भिजत ठेवत असू. दोन-तीन आठवड्यांनी त्या पाण्याला असा काही वास सुटे, की अधीक्षक सर डबा फेकून देण्याची तंबी देत. मग कुणीतरी धीर करून पाने बाहेर काढी. जुन्या टूथब्रशने पाण्यातच हलके हलके चोळले, की काळपट झालेला गर निघून जाई आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी उरे. ती वहीत ठेवायची, सुट्टीत घरी न्यायची आणि धाकट्या भावंडांना दाखवायची, एवढ्यावर आमचे विज्ञान संपत असे.

प्रश्न मला फार उशिरा पडला. पान एक, डबा एक, पाणी एक. मग गर कुजला आणि शिरा का कुजल्या नाहीत? स्मरणिकेसाठी विज्ञानावर काही लिहावे असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा पहिल्यांदा हीच जाळी डोळ्यांसमोर आली. शिरा ज्या द्रव्यामुळे टिकल्या, त्याचे नाव लिग्निन. याच द्रव्यापासून जखमेवर बांधायच्या पट्ट्या आणि औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण तयार करण्याचे प्रयत्न आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालले आहेत. त्यांतून काय हाती लागले आणि काय अजून हाती लागलेले नाही, हे येथे मांडतो. रसायनशास्त्र हा माझा अध्यापनाचा विषय, आणि न भरणारी जखम ही माझ्या घरात दोन वर्षे मुक्कामाला आलेली गोष्ट. त्यामुळे या विषयाकडे मला केवळ पुस्तकातून पाहता येत नाही.

वनस्पतीच्या पेशीभोवती भिंत असते, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. ती भिंत मुख्यतः सेल्युलोजच्या धाग्यांची बनलेली असते. परंतु केवळ धाग्यांनी झाड उभे राहत नाही. मुळांनी ओढलेले पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या जलवाहिन्यांना आतून ताण सोसावा लागतो. त्या चिरडू नयेत आणि पाझरू नयेत म्हणून झाड त्या धाग्यांच्या मधल्या जागेत लिग्निन भरते. घर बांधताना लोखंडी सळयांच्या जाळीत सिमेंट ओततात, तसाच हा प्रकार. म्हणून गवताच्या कोवळ्या पात्यात लिग्निन थोडे असते आणि बाभळीच्या खोडात भरपूर. सुक्या लाकडाचा साधारण पाव भाग लिग्निनचा असतो. मनमाडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्यांना लाकडी स्लीपर आठवत असतील. त्यांवर तेलाचे संस्कार केलेले असत हे खरे. पण ऊन, पाऊस आणि गाड्यांचा भार वर्षानुवर्षे सोसणारे लाकूड मुळात घट्ट असते ते लिग्निनमुळे. फ्रेंच-स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने १८१३ मध्ये हे नाव दिले. लॅटिन भाषेत लाकडाला जो शब्द आहे, त्यावरून. पुढे १८३८ मध्ये आन्सेल्म पायें याने लाकडातून सेल्युलोज वेगळे काढले, तेव्हा लाकूड हे एकच द्रव्य नसून धागा आणि त्याला जखडून ठेवणारा लेप अशी ही जोडी आहे, हे स्पष्ट झाले.

या जोडीचे नशीब मात्र सारखे नाही. आपल्या नांदगाव-मालेगावकडच्या शिवारातले कपाशीचे झाड घ्या. त्याच्या बोंडातला कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यात लिग्निन नाहीच म्हटले तरी चालेल. मेणचट अंश धुऊन काढला, की तोच कापूस दवाखान्यात जातो. त्याचीच गॉज, त्याचेच बँडेज. वेचणी संपल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. तिच्यात सुमारे पाव हिस्सा लिग्निन. ती उपटून बांधावर रचतात आणि वर्षभर चुलीत घालतात. म्हणजे एकाच झाडाचा एक भाग जखमेवर जातो आणि दुसरा जाळात.

कारखान्यातही हेच घडते. कागद पांढरा आणि टिकाऊ हवा असेल, तर लाकडातले लिग्निन काढून टाकावे लागते. बल्लारपूरच्या कागद गिरणीसारख्या मोठ्या गिरण्यांत बांबू आणि लाकडाचे तुकडे अल्कलीच्या द्रावणात, दाबाखाली शिजवतात. लिग्निन विरघळून काळे पाणी होते, सेल्युलोजचा लगदा मागे उरतो. या काळ्या द्रवाला काळा लिकर म्हणतात. तो आटवून गिरणीच्याच भट्टीत जाळतात, त्यावर वाफ आणि वीज तयार होते आणि वापरलेली रसायनेही परत मिळतात. जगातील कागद उद्योगातून दरवर्षी सुमारे ५ कोटी टन लिग्निन निघते, असा अंदाज वारंवार दिला जातो. त्यातले फार थोडे जाळण्याखेरीज दुसऱ्या कामी येते. याला सरसकट नासाडी म्हणणे मला पटत नाही. गिरणीची वाफ त्यावर चालते आणि गरिबाची चूलही. पण जाळण्यापलीकडे काही गुण या द्रव्यात असतील, तर ते पाहायला हवेत.

त्यातला पहिला गुण प्रत्येक घरात दिसतो. वर्तमानपत्राचे जुने कात्रण पिवळे पडते. आपल्यापैकी अनेकांनी सत्काराच्या, निकालाच्या बातम्या जपून ठेवल्या आहेत. त्या आता तांबूस झाल्या असतील. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद लाकूड दळून करतात, त्यामुळे लिग्निन त्यात राहून जाते. प्रकाश आणि हवेतील ऑक्सिजन यांचा मारा ते स्वतःवर घेते आणि घेता घेता रंग बदलते. स्मरणिकांसाठी वापरतात तो पांढरा कागद इतक्या लवकर पिवळा पडणार नाही, कारण त्यातून हे द्रव्य आधीच काढलेले असते. कात्रणाच्या दृष्टीने हा दोष. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र यात एक क्षमता दडली आहे.

ती कशी, हे समजण्यासाठी लिग्निनच्या रेणूत थोडे डोकवावे लागेल. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या एकसारख्या मण्यांची सरळ माळ. लिग्निनला माळ म्हणता येत नाही. तो गुंता आहे. तीन प्रकारचे लहान रेणू वेड्यावाकड्या रीतीने एकमेकांना चिकटून तो बनतो. प्रत्येक लहान रेणूत कार्बनच्या सहा अणूंचे कडे असते आणि त्या कड्यावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी लटकलेली असते. या जोडीतला हायड्रोजन सहज सुटतो. शरीरात मुक्त मूलके नावाचे अतिशय उतावळे कण तयार होत असतात. ते पेशीच्या ज्या भागाला भिडतील तो बिघडवतात. लिग्निनमधला हायड्रोजन त्यांना मिळाला, की ते शांत होतात. यालाच ॲंटिऑक्सिडंट गुण म्हणतात.

हे वाचून परके वाटेल, म्हणून ओळखीची नावे सांगतो. लिग्निनच्या तीन घटकांपैकी एकात जे कडे आहे, नेमके तेच कडे हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये दोनदा येते. लवंगेच्या तेलातील युजेनॉलमध्येही तेच आहे, आणि आइस्क्रीमला वास देणाऱ्या व्हॅनिलिनमध्येही. दाढ दुखली की आजी लवंग धरायला सांगे. दातांचे डॉक्टर आजही झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल मिसळून तात्पुरते सिमेंट भरतात. नॉर्वेतील एक कारखाना तर ऐटबाजाच्या लाकडातील लिग्निनपासूनच व्हॅनिलिन तयार करतो. हळदीची कथा मराठी माणसाला माहीत असते: जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. या विजयाचा आनंद योग्यच होता. मात्र त्यातून एक गैरसमजही पसरला. पेटंट रद्द झाले ते हा उपयोग नवा नाही म्हणून. कोणत्याही जखमेवर हळद थापली तर ती बरी होते, असे काही त्या निकालाने सिद्ध झालेले नाही.

हा भेद मी स्वतः किंमत मोजून शिकलो. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. निवृत्तीनंतर मधुमेह झाला आणि एकदा चपलेचा खिळा तळपायात रुतला. संवेदना कमी झाल्यामुळे त्यांना तो दिवसभर कळलाही नाही. घरात मी रसायनशास्त्र शिकलेला, तरीही शेजारच्यांच्या सांगण्यावरून आम्ही पंधरा दिवस हळद आणि कसल्याशा सालीची पूड लावत बसलो. वरून जखम सुकल्यासारखी दिसे. आतून ती पसरत होती. शेवटी पायाचे एक बोट काढावे लागले. त्यानंतर दोन वर्षे, एक दिवसाआड, ड्रेसिंग. चिकटलेली गॉज ओढून काढताना नव्याने आलेली कोवळी कातडी तिच्याबरोबर निघून येई, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणत, "कर तू, मला काही होत नाही."

मधुमेहातील जखम का भरत नाही, याला एकच कारण नाही. रक्तपुरवठा अपुरा असतो, जंतू घर करून बसतात आणि जखमेतला दाह संपतच नाही. निरोगी माणसात दाह हा पहिल्या काही दिवसांचा टप्पा असतो. पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात आणि निघून जातात. जुनाट जखमेत त्या तेथेच ठाण मांडतात आणि जंतू मारण्यासाठी सोडलेली मुक्त मूलके नव्या पेशींनाही मारत राहतात. लिग्निनकडे संशोधकांचे लक्ष गेले ते येथे.

ड्रेसिंगविषयीची समजूतही मधल्या काळात बदलली होती. जखम उघडी ठेवून सुकवावी, असे पूर्वी मानत. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखविले, की पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने चढते. त्यानंतर ओलावा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आल्या. त्यांतला एक प्रकार हायड्रोजेल. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जसा बुळबुळीत थर येतो, तशी ही पाणी धरणारी जाळी. ती जखमेला चिकटत नाही, काढताना कातडी ओढत नाही. आता कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि लिग्निन असे मिश्रण करून हायड्रोजेल बनवले गेले आणि उंदरांच्या जखमांवर तपासले गेले. लिग्निनमुळे जेल अधिक चिवट होते आणि ॲंटिऑक्सिडंट गुण त्याच्या अंगातच येतो.

दुसरा उपयोग चांदीच्या संदर्भातला आहे. भाजलेल्या जखमेवर लावायचे पांढरे मलम अनेकांनी पाहिले असेल. त्यात चांदीचे संयुग असते. चांदीचे अतिसूक्ष्म कण जंतूंचा प्रभावी नाश करतात, पण वापरानंतर ते सांडपाण्यात जाऊनही आपले काम करीत राहतात, ही अडचण. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात ऑर्लिन वेलेव्ह यांच्या गटाने २०१५ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली: कणाचा गाभा लिग्निनचा ठेवायचा आणि त्यात चांदीचे आयन थोडेच भरायचे. ते जंतूंवर खर्च झाले, की मागे उरतो तो निरुपद्रवी लिग्निनचा कण. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये लिग्निनच्या सूक्ष्म कणांत कर्करोगावरची औषधे भरून ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तपासली. अतिनील किरण अडवण्याच्या गुणामुळे ऊन-प्रतिबंधक मलमातही लिग्निन मिसळून पाहिले आहे. ते काम करते, फक्त मलम तपकिरी होते आणि तपकिरी मलम तोंडाला लावायला कुणी तयार नसते.

येथपर्यंत वाचून पऱ्हाटीत सोने आहे असे वाटू लागेल. म्हणून पुन्हा त्या पिंपळाच्या पानाकडे यायला हवे.

शिरा कुजल्या नाहीत, कारण डब्यातल्या जिवाणूंकडे लिग्निन फोडण्याची पुरेशी हत्यारे नव्हती. निसर्गात हे काम प्रामुख्याने काही बुरशी करतात. भाताच्या पेंढ्यावर वाढणारी धिंगरी अळंबी ही त्यांच्याच कुळातली. अशा बुरशीतले लिग्निन तोडणारे एक विकर १९८३ मध्ये ओळखले गेले. माणसाच्या शरीरात असे एकही विकर नाही. येवल्याच्या पैठणीचे रेशीम आठवा: शल्यचिकित्सक रेशमाचा धागा टाके घालण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. रेशीम हे प्रथिन आहे; प्रथिने पचवणारी विकरे शरीरात आहेत, म्हणून आत राहिलेला रेशमाचा धागाही फार सावकाश झिजतो. लिग्निनचा तुकडा आत राहिला, तर त्याचे पुढे काय होणार? मूत्रपिंडातून गाळून जाण्याइतका तो लहान नसेल, तर यकृत किंवा प्लीहेत साचू शकतो. रक्तात सोडायच्या औषधकणांसाठी हा प्रश्न निर्णायक आहे, आणि चकचकीत बातम्यांत तो सहसा आढळत नाही.

म्हणजे ज्या चिवटपणामुळे लिग्निन हवेसे वाटते, तोच शरीराच्या आत अडसर ठरतो. माझ्या मते त्याची खरी जागा शरीराच्या बाहेर आहे: जखमेवरची पट्टी, मलम, वैद्यकीय उपकरणांवरचा जंतुरोधक लेप. एक अपवाद आतला आहे, पण तोही हाच मुद्दा पक्का करतो. रशियात लाकडातील साखर काढून घेतल्यावर उरलेल्या लिग्निनची ‘पॉलिफेपान’ नावाची पूड पोटाच्या विकारांवर दिली जाते. ती आतड्यातील विषारी द्रव्ये शोषून घेते आणि जशीच्या तशी बाहेर पडते. ती पचत नाही, म्हणूनच उपयोगी पडते.

दुसरी अडचण शुद्धतेची. बाभळीचे, बांबूचे, उसाच्या चिपाडाचे आणि पऱ्हाटीचे लिग्निन एकसारखे नसते. तीन घटकांचे प्रमाण बदलते. काढण्याची रीत बदलली की तेच लिग्निन आणखी बदलते. कागद गिरणीच्या रीतीने काढलेल्या लिग्निनमध्ये गंधक राहते आणि त्याचा वासही. औषधाला मात्र आजची आणि पुढच्या वर्षीची खेप अगदी सारखी लागते. म्हणूनच महाराष्ट्रात लिग्निनने पहिले मोठे पाऊल टाकले ते दवाखान्यात नव्हे, तर रस्त्यावर. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पांत साखर वापरली गेल्यावर लिग्निन उरते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर येथे, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, याच कंपनीचे लिग्निनपासून केलेले जैव-डांबर मिसळून बांधलेल्या रस्त्याच्या तुकड्याचे उद्घाटन झाले. डांबराला वासाची आणि रंगाची फिकीर नसते.

शुद्धतेच्या कोड्यावर आपल्याकडेही काम चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. परेश ढेपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिग्निनचा गुंता घन उत्प्रेरकांच्या साहाय्याने तोडून ठरावीक लहान रेणू मिळविण्याच्या रीती शोधल्या. त्यांचा यासंबंधीचा एक महत्त्वाचा निबंध २०१५ चा आहे. मोठा, अनिश्चित गुंता औषधात घालण्यापेक्षा त्यातून ओळखीचे, मोजता येणारे रेणू काढावेत, हा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो.

उंदरावरच्या निकालांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो; त्याच्या ओढीने जखमेच्या कडा जवळ येतात आणि ती लवकर मिटते. माणसाची जखम मुख्यतः नवी त्वचा चढून भरते. त्यामुळे ‘उंदरांत दहा दिवसांत जखम भरली’ या वाक्याचा अर्थ माणसाच्या तळपायाच्या संदर्भात फार थोडा. आपल्या देशात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अशा पट्ट्यांची धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी अशी वर्गवारी होते आणि विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा द्यावा लागतो. लिग्निनच्या पट्ट्या अजून आपल्या सर्वसाधारण रुग्णालयांत पोहोचलेल्या नाहीत. कुणी ‘लाकडातील नैसर्गिक ॲंटिऑक्सिडंट’ म्हणून पुडी विकायला आला, तर त्याला परवाना क्रमांक विचारावा.

आणि ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांच्यासाठी, पट्टीपेक्षा महत्त्वाचे दोन शब्द. तळपाय रोज पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि त्या पायावर भार देणे थांबवावे. भार काढला नाही तर जगातली कोणतीही पट्टी तळपायाची जखम भरू शकत नाही. बाबांची जखम शेवटी भरली ती तळवा उचलून धरणाऱ्या खास बुटामुळे आणि साखर आटोक्यात आल्यामुळे. हे आम्हाला पहिल्या पंधरवड्यात कळले असते, तर त्यांचे बोट वाचले असते.

शेतकरी पालकांनी एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा. पऱ्हाटीला किंवा मक्याच्या धाटांना उद्या कारखान्यात मागणी आली, तर तिचा भाव कोण ठरवणार, आणि जिची चूल आज त्यावर पेटते, तिला सिलिंडर कोण भरून देणार?

सध्या वसतिगृहात असलेल्या विद्यार्थ्यांनी पानांचा डबा जरूर भरावा, पण झाकण लावून, आणि दर चार दिवसांनी पाणी बदलून. एका डब्यात पिंपळाचे पान ठेवावे, दुसऱ्यात मेथीचे. मेथीचे पान तिसऱ्या आठवड्यात कुठे गेले, ते विज्ञानाच्या शिक्षकांना विचारावे.